‘रणदिव्यांची बहीण’ : अहिल्या रांगणेकर यांच्यावरील एका आळसट वाक्याविषयी

१/ मागच्या महिन्यात एका परिसंवादात मी अहिल्या रांगणेकरांचे नाव घेतले. शेजारच्या विद्वान गृहस्थांनी तत्परतेने ओळख करून दिली: “बी. टी. रणदिवे यांची धाकटी बहीण.” माहिती खरी आहे. पण माणसाची ओळख तिथेच संपवण्याचा हा आळस गिरणगावाच्या इतिहासलेखनात फार जुना आहे. आजचा धागा त्या आळसाविरुद्ध.

२/ जन्म १९२२, पुणे. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९४२ च्या आंदोलनात येरवड्याचा तुरुंग. पुढच्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षप्रवेश आणि परळ महिला संघाची उभारणी. वय एकवीस. (माझ्या वयाहून कमी, हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखे होते.)

३/ २२ फेब्रुवारी १९४६. नाविकांच्या उठावाला मुंबईच्या कामगारांनी संपाने पाठिंबा दिला होता. परळमध्ये गोळीबार झाला. कमल दोंदे जागीच गेल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या, सोबत असलेल्या अहिल्याबाई वाचल्या. नौदलाच्या उठावावर आपण भरभरून लिहितो. जहाजांची नावे पाठ असतात. कमल दोंदे हे नाव परळमध्ये राहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे?

४/ आता मुख्य आक्षेप. “राष्ट्रीय राजकारणातील स्त्री” म्हटले की आपण दिल्लीतील दिवस मोजतो. त्या मापाने अहिल्याबाईंची कारकीर्द किरकोळ ठरते: मार्च १९७७ मध्ये मुंबई उत्तर-मध्यमधून लोकसभेवर, ऑगस्ट १९७९ मध्ये सभागृह विसर्जित. अडीच वर्षांपेक्षा थोडे कमी. उरलेले सगळे “स्थानिक कार्य” या एका ओळीत कोंबले जाते.

५/ ते “स्थानिक कार्य” काय होते? १९६१ पासून एकोणीस वर्षे मुंबई महानगरपालिकेत नगरसेविका. मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची धग विझली नव्हती तोच १९६२ च्या चीन युद्धानंतरची स्थानबद्धता, नंतर आणीबाणीतला तुरुंगवास. नळाचे पाणी, चाळीतले संडास, रेशनचे धान्य हे प्रश्न छोटे आहेत असे ज्याला वाटते, त्याने पहाटे नळाच्या रांगेत कधी कळशी लावलेली नाही. राज्यसंस्था सामान्य बाईला भेटते ती तिथे, संसदेच्या दालनात नव्हे.

६/ आणि महागाईविरोधी आंदोलन! १९७२ च्या दुष्काळात महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे व प्रमिला दंडवते समाजवादी, तारा रेड्डी भाकपच्या, अहिल्याबाई माकपच्या. ज्यांचे पुरुष नेते एका मंचावर बसायला तयार नसत, त्यांच्या पक्षांतील या बायका एकत्र आल्या. धान्य, साखर, तेल, रॉकेल हे त्यांचे विषय. लोकप्रिय लेखांत यातले काय उरते? “गृहिणींचा गमतीदार लाटणे मोर्चा.” लाटणे हे त्या मोर्चाचे निशाण होते, गंमत नव्हती. कामगाराच्या हातातला हातोडा आपल्याला प्रतीक वाटतो आणि त्याच्या बायकोच्या हातातले लाटणे विनोद, यात दोष लाटण्याचा नाही.

७/ एक हिशेब मांडतो. १९७७ च्या लोकसभेत फक्त १९ स्त्रिया निवडून आल्या. इतकी कमी संख्या ना आधी होती, ना नंतर झाली. त्याच निवडणुकीत मुंबईच्या सहा जागांपैकी दोन स्त्रियांनी जिंकल्या: उत्तरेतून मृणाल गोरे, उत्तर-मध्यमधून अहिल्या रांगणेकर. १९८० मध्ये त्याच उत्तर-मध्यमधून प्रमिला दंडवते. एक तृतीयांश वाटा, कोणत्याही आरक्षणाविना. तो आकाशातून पडला नाही. आधीच्या पंधरा-वीस वर्षांतल्या मोर्चांतून व तुरुंगवासांतून आला. २०२३ च्या आरक्षण कायद्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांनी २०२४ ची मुंबईची यादीही पाहावी: सहांत एक.

८/ “पण त्या तर जनता लाटेत आल्या,” असा प्रतिवाद येईल. लाट होतीच. परंतु माकपचे त्या वेळी महाराष्ट्रातून तीनच खासदार झाले: अहिल्याबाई, डहाणूचे लहानू कोम आणि बीडचे गंगाधर अप्पा बुरांडे. लाट सर्वांना उचलते हे खरे. उमेदवारी मात्र लाट देत नाही.

९/ डाव्यांनाही सोडत नाही. पक्षाच्या इतिहासात भावाच्या वैचारिक भूमिकांवर पानेच्या पाने आहेत. बहिणीच्या वाट्याला ‘लढाऊ’, ‘धडाडीची’ अशी विशेषणे. विशेषण हे अनेकदा अभ्यास टाळण्याचे साधन असते. १९८३ ते १९८६ या काळात, म्हणजे गिरणी संपाच्या पडझडीत, त्या माकपच्या राज्य सचिव होत्या. त्या तीन वर्षांतील त्यांच्या निर्णयांची कठोर चिकित्सा व्हायला हवी. चिकित्सा हाही सन्मानच आहे.

१०/ त्या एप्रिल २००९ मध्ये गेल्या. समितीच्या मोर्चांत तुमची आजी, मावशी, चाळीतली कुणी काकू गेली असेल तर खाली लिहा: कोणत्या चाळीतून निघाल्या, मुले कुणाकडे ठेवली, घरी परतल्यावर काय ऐकावे लागले. पुढचा धागा कमल दोंदे यांच्यावर.