काटा आधी, चुना नंतर (किंवा नकोच)

मंडळी, पिकनिकचे दिवस आले! ग्रिलवर कणसं भाजतायत, पोरं गवतात अनवाणी हुंदडतायत, आणि तेवढ्यात कोणीतरी "आई गं!" म्हणून किंचाळतं. मधमाशी! मग चारी बाजूंनी सल्ले सुरू. भारतातून आलेल्या आजी चुन्याची डबी काढतात, कोणी लोखंडी किल्ली घासायला सांगतं, अमेरिकन शेजारीण बेकिंग सोडा घेऊन धावते. या गडबडीत पहिल्या दहा सेकंदांत करायचं काम मात्र राहून जातं.

मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात. तो कातडीत रुततो आणि माशी उडाली की विषाच्या पिशवीसकट तुटून मागे राहतो. माशी गेली तरी पिशवीचे स्नायू विष आत ढकलतच राहतात. आम्हा इंजिनियर लोकांना हेवा वाटावा असा पंप! तेव्हा आधी पंप बंद करा. काटा चिमटीत धरू नका, क्रेडिट कार्डाने खरवडा, असं पूर्वी सांगत. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं आणि १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलं: चिमटीने काढा नाहीतर खरवडा, गांध तेवढीच उठते. उशीर केलात तर मात्र मोठी होते. म्हणजे कार्डासाठी पाकीट शोधत बसू नका, नखाने उपटा! गांधीलमाशीचा (इथली 'यलो जॅकेट' त्यातलीच) काटा बहुधा मागे राहत नाही, तेव्हा तिथे उगाच कोरत बसू नये.

आता चुना. विष आम्ल, चुना अल्कली, म्हणून उतारा, हा हिशोब शाळेतल्या रसायनशास्त्राला धरून आहे, पण विष कातडीच्या खाली आणि चुना वर, दोघांची भेट व्हायची कशी? शिवाय आग होते ती मुख्यतः मेलिटिन नावाच्या प्रथिनामुळे, नुसत्या आम्लामुळे नाही. वर चुन्याने कोवळी कातडी भाजते ती वेगळीच. आजींना वाईट वाटू न देता डबी बाजूला ठेवा. साबण-पाण्याने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा, हाताला डंख असेल तर अंगठ्या-बांगड्या सूज चढायच्या आत उतरवा. खाजेला हायड्रोकॉर्टिझोन मलम किंवा सेटिरिझिनची गोळी पुरते. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर घाबरू नका, तसं होतं.

घाबरायचं ते वेगळ्याच गोष्टींना. डंख पायाला आणि पित्त सगळ्या अंगावर. ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप, उलट्या, चक्कर. यातलं काही दिसलं तर ९११. एपिपेन असेल तर आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचा आणि मग फोन करा. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात जायचंच, कारण त्रास उलटू शकतो. बेनाड्रिल देऊन वाट बघत बसणं हा इलाज नव्हे. रुग्णाला आडवं निजवा, उभं करू नका. धाप लागली असेल तर बसू द्या.

आणि इथेच आपली माणसं अडतात. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर, इन्शुरन्स यथातथाच, त्यामुळे "बिल किती येईल रे? थोडं थांबून बघू," असं बाबाच म्हणतात. थांबू नका. १९८६ च्या कायद्याने बहुतेक सर्व हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी रूमला पैशाचा प्रश्न बाजूला ठेवून तपासावं आणि प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल नंतर येईल, हप्ते मागता येतील, घासाघीससुद्धा करता येते (ते आपल्याला शिकवायला नको!). बाबा ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर घेत असतील तर ते अँब्युलन्सवाल्यांना आवर्जून सांगा, कारण त्या गोळ्यांमुळे इंजेक्शनचा गुण कमी येऊ शकतो.

जाता जाता एक. उन्हाळा सरत आला की या यलो जॅकेट गोडाला फार लोचटतात, सोड्याच्या उघड्या कॅनमध्येही शिरतात. तोंडात किंवा घशात डंख बसला तर बर्फ चोखायला द्या आणि थेट इमर्जन्सी गाठा. पोरांना सोडा पारदर्शक ग्लासात ओतून द्यावा हे उत्तम.