‘वेळ नाही’ हे कारण नव्हे, तो आजारच बोलतोय

‘जेवायला वेळच मिळत नाही हो डॉक्टर.’ हे वाक्य शेतकरी म्हणतो, शिक्षक म्हणतात, दुकानदारही म्हणतो. एरवी मी ऐकून घेतो. पण ॲनोरेक्सिया, बुलिमिया अशा खाण्याच्या विकारातून सावरणाऱ्या रुग्णाने हे वाक्य म्हटलं, तर मी ते मान्य करत नाही. घरच्यांनीही करू नये.

आधी हे विकार काय आहेत ते थोडक्यात सांगतो. ॲनोरेक्सियात वजन वाढण्याची भीती इतकी बसते की माणूस अन्न तोडत जातो आणि हाडांचा सापळा झाला तरी स्वतःला जाडच समजतो. बुलिमियात भसाभसा खाणं होतं आणि मग ते ‘भरून काढण्यासाठी’ उलट्या, जुलाबाची औषधं, कडक उपवास किंवा अति व्यायाम. हे नखरे नव्हेत, मानसिक आजार आहेत आणि त्यांत जीव जाऊ शकतो. ‘ही पुण्या-मुंबईची थेरं, आपल्या ताडकळसला कुठं आलंय असलं’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की मोबाईल जिथे पोचला, तिथे सडपातळपणाचं वेडही पोचलं. मुलींना होतं, तसं मुलांनाही होतं.

कामाच्या आड लपलेला उपवास

उपचार सुरू झाले, वजन जरा भरलं की मुलगी परत कॉलेजला जाऊ लागते. सकाळची एसटी, परभणीला तास, संध्याकाळी क्लास. कुणी नांदेडला, लातूरला नीटच्या तयारीला जातं. कुणी सोयाबीनच्या काढणीत गुंततं. नाश्ता सुटतो, डबा तसाच परत येतो. घरचे म्हणतात, ‘लई कामाची पोर, खायची सुद्धा शुद्ध नसते तिला!’ हे कौतुक विषासारखं आहे. आजाराला नेमकं हेच हवं असतं, न जेवण्याचं असं कारण की ज्यावर कुणी बोट ठेवणार नाही. ‘मला जाड व्हायचं नाही’ म्हटलं तर आई रागावेल, ‘अभ्यास होता’ म्हटलं तर पाठ थोपटेल.

नवरात्र आणि एकादशीचंही तसंच. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण आजारी माणसाला उपवासातून सूट देण्याची समजूत आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. ती या आजाराला का लागू नाही?

‘भूक लागली की खा’ हा सल्ला इथे चुकीचा

दीर्घ उपासमारीनंतर भुकेवर भरवसा ठेवता येत नाही. जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून चार घासांत पोट गच्च वाटतं. भूक लागेपर्यंत थांबलं तर दुपार टळून जाते. आणि दिवसभर उपाशी राहिलेलं शरीर रात्री ताबा सोडून खातं. बुलिमियाचं चक्र पुन्हा फिरू लागतं ते इथूनच.

1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवलं. त्यांना आधी कोणताही खाण्याचा विकार नव्हता. तरीही ते चिडचिडे, उदास झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुरेसं अन्न परत मिळू लागल्यावरही सावरायला कित्येक महिने लागले, आणि तेवढा काळ नेहमीपेक्षा जास्त खावं लागलं. याचा अर्थ सरळ आहे. वजनकाट्यावर आकडा आला म्हणजे काम संपलं असं नाही. पाळी, हाडं, हृदय, डोकं या सगळ्यांची थकबाकी फेडायची असते.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घरोघर वाद रंगला होता, दिवसातून दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी? डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत वजन आणि मधुमेहासाठी आहे. तिच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे नको. पण वडील दोनदाच जेवतात म्हणून ॲनोरेक्सियातून उठलेल्या मुलीनेही दोनदाच जेवावं, हे घातक आहे.

मग करायचं काय?

घड्याळ लावून खायचं. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी, दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. रक्तदाबाची गोळी आपण ‘वेळ मिळाला तर’ घेत नाही, अन्न हीसुद्धा इथे गोळीच आहे. डबा रात्रीच भरून ठेवा. धपाटे-दही, दशमी, शेंगदाण्याचा लाडू, केळी, उकडलेली अंडी यांतलं काहीही एसटीत बसून खाता येतं. लाडू पिशवीत कायम असू द्या. घरच्यांनी एक तरी जेवण सोबत करावं, पण ताटातले घास मोजू नयेत आणि ‘आता चांगली भरलीस’ असं तर मुळीच म्हणू नये. या लेखात कॅलरीचे आकडे मी मुद्दाम दिलेले नाहीत, मोजणं हा आजाराचाच भाग असतो.

एक इशारा. ज्याने कित्येक दिवस जवळपास काहीच खाल्लेलं नाही किंवा जो फारच खंगला आहे, त्याला घरी एकदम भरपेट खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदय बंद पडू शकतं. अशा रुग्णाची सुरुवात दवाखान्यात, रक्ततपासणीखाली व्हावी. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, नाडी फार मंद होणं, पायावर सूज, वारंवार उलट्या किंवा जीव द्यायचे विचार, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय विचारा. टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आणि रोजचा दिनक्रम असा असेल की त्यात जेवण बसतच नाही, तर जेवण कमी करायचं नाही, दिनक्रम कमी करायचा. एक क्लास सोडा, गरज पडली तर एक वर्ष थांबा. नीटची परीक्षा पुढच्या वर्षीही असते. तिथे बसायला मुलगी धडधाकट हवी.