तिथी नसलेला अतिथी

‘अतिथी’ या शब्दाचा अर्थ आपल्या परंपरेत मोठ्या मार्मिकपणे सांगितला आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते, तो अतिथी. साधू-साध्वी कोणत्या दिवशी कोणाच्या दारी येतील हे आधी ठरत नाही. म्हणूनच श्रावकाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभागाला स्थान मिळाले. आजचा पाहुणा मात्र तिथीसह येतो. येण्याचा दिवस, विमानाची वेळ आणि परतीचे तिकीट या तिन्ही गोष्टी त्याच्या खिशात असतात. जमिनीवरच्या घरात यामुळे काही बिघडत नाही. पण घरच पाण्यावर तरंगणारे असेल, तर या तिथीचे ओझे किती होते, हे पाहण्याजोगे आहे.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या आग्नेयेस बहामा हा सुमारे ७०० बेटांचा देश आहे. त्यातील एक्झुमा बेटांची माळ वायव्येकडून आग्नेयेकडे पसरली आहे. तिच्या पश्चिमेस वाळूच्या तळाचा उथळ, पाचूसारखा हिरवा समुद्र आहे. त्यास ‘बँक’ म्हणतात. पूर्वेस एक्झुमा साउंड हा खोल, गडद निळा समुद्र आहे. दोन बेटांमधील अरुंद वाटांनी हे दोन समुद्र एकमेकांस मिळतात. हिवाळ्यात कॅनडा आणि अमेरिकेतील अनेक निवृत्त दांपत्ये शिडाच्या नौकेवर संसार थाटून येथे महिनोन्‌महिने राहतात.

असे एक कॅनडियन दांपत्य डोळ्यांसमोर आणावे. नौका बारा मीटर लांबीची. तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा, दोन छोट्या निजण्याच्या खोल्या आणि पाण्याची ४०० लिटरची टाकी. गावी असताना त्यांचे तीस वर्षांचे शेजारी म्हणजे एक हार्डवेअरचे व्यापारी आणि त्यांची पत्नी. नोव्हेंबरच्या गारठ्यात यजमानाने उत्साहाच्या भरात त्यांना पत्र लिहिले : “फेब्रुवारीत या. शनिवारी नासाऊला घ्यायला येतो आणि दहा दिवसांनी, मंगळवारी, जॉर्ज टाउनच्या विमानतळावर सोडतो.” व्यापाऱ्यांनी त्याच दिवशी तिकिटे काढली.

नौकेवर राहणारे अनुभवी लोक पाहुण्यांना एक नियम आधीच सांगतात. भेटीचे ठिकाण तुम्ही ठरवा किंवा दिवस ठरवा. दोन्ही ठरवू नका. यजमानाला हा नियम ठाऊक होता. परंतु मित्राला बोलावताना नियम सांगणे त्याला रुक्षपणाचे वाटले.

पहिले पाच दिवस स्वर्गसुखाचे गेले. पूर्वेचा मंद वारा, बेटांच्या आड शांत पाणी. नौका एक्झुमा के लँड अँड सी पार्क या संरक्षित उद्यानात शिरली. हे उद्यान १९५८ साली स्थापन झाले असून त्याचे क्षेत्र १७६ चौरस मैल आहे. १९८६ पासून येथे मासेमारीस पूर्ण बंदी आहे. मासाच काय, किनाऱ्यावरचा रिकामा शिंपलाही उचलून नेता येत नाही. व्यापाऱ्यांच्या पत्नीने एक सुरेख शंख हातात घेतला, न्याहाळला आणि नियम कळताच जागच्या जागी ठेवला. जिथे जलचरांना माणसाचे भय उरलेले नाही, तिथे पाणी किती जिवंत दिसते, हे त्या दोघांनी नौकेच्या कठड्यावरून तासन्‌तास पाहिले.

पाण्याचा हिशेब मात्र वेगळेच सांगत होता. नौकेवरील दोघे प्रत्येकी दहा लिटरमध्ये दिवस भागवीत. म्हणजे टाकी वीस दिवस पुरावी. पाहुण्यांनाही तेवढेच पुरले असते तर चौघांना ती दहा दिवस पुरती. पण नळ सोडून दात घासण्याची आणि भांडी धुण्याची सवय एका दिवसात जात नाही. पाहुण्यांचा खर्च प्रत्येकी पंचवीस लिटरवर गेला. एकूण रोजचे सत्तर लिटर. म्हणजे सहा दिवसही नाहीत. यजमानीणबाई रोज रात्री टाकीची पातळी पाहत आणि गप्प राहत. पाहुण्याला पाणी कमी वापर म्हणणे त्यांच्या जिभेवर येईना.

बुधवारी संध्याकाळी हवामानाचा अंदाज आला. उत्तर अमेरिकेतून थंड हवेची आघाडी खाली सरकत होती. अशी आघाडी हिवाळ्यात वारंवार येते आणि तिचा क्रमही ठरलेला असतो. पूर्वेचा वारा आधी आग्नेयेस, मग दक्षिणेस, नैर्ऋत्येस आणि पश्चिमेस फिरतो. मग वायव्येकडून जोरात आदळतो आणि शेवटी उत्तर-ईशान्येस जाऊन काही दिवस तसाच वाहतो. एरवी बेटांच्या पश्चिमेचा आसरा सुरक्षित. पण वारा पश्चिमेचा झाला की तोच आसरा उघडा पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की नौकेवरचा त्याचा जोर चौपट होतो. पंधरा नॉटच्या वाऱ्यात निर्धास्त धरलेला नांगर तीस नॉटमध्येही धरील, असे गृहीत धरता येत नाही.

गुरुवारी नौका वॉर्डरिक वेल्स या उद्यानाच्या मुख्य बेटाजवळ आली. वाळूच्या उथळ पट्ट्यांनी वेढलेल्या तेथील पाण्यात पक्के बांधलेले बोये आहेत. त्यांपैकी एकाला नौका दोन दोरांनी बांधली. शुक्रवारी पहाटे पश्चिमेचे आकाश काळे झाले आणि पाऊस कोसळू लागला. वारा तीस नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे पंचावन्न किलोमीटरवर गेला. झडपा बंद, आत चार माणसे, ओले कपडे आणि दहा बाय बाराच्या खोलीएवढी जागा. चहाचे भांडेही एका हाताने धरून ठेवावे लागे.

त्याच पावसाने एक गाठ सोडविली. यजमानीणबाईंनी ताडपत्री ताणून पावसाचे पाणी बादल्यांत उतरविले आणि दुपदरी फडक्यातून गाळून टाकीत सोडले. व्यापारी मदतीला धावले. एकेक बादली ओतताना टाकीची पातळी किती चढते, हे त्यांनी मोजून पाहिले आणि विचारले, “आम्ही रोज किती वापरत होतो?” आकडा ऐकून ते खजील झाले. “आधी का सांगितले नाही?” या प्रश्नाला यजमानीणबाईंकडे उत्तर नव्हते. त्या रात्रीपासून चौघांनी पेल्याने माप ठरविले. जैन श्रावकाला यात नवे काही नाही. भोगोपभोग-परिमाण म्हणजे वापराची मर्यादा आपण होऊन आखणे. आणि देशावकाशिक म्हणजे काही काळापुरते आपले क्षेत्र आणखी आवरून घेणे. त्या तीन दिवसांत परिस्थितीने ही दोन्ही व्रते त्या कुटुंबांकडून करवून घेतली.

खरी परीक्षा शनिवारी सुरू झाली. पाऊस थांबला, ऊन पडले, पण ईशान्येचा वारा पंचवीस नॉटवर कायम राहिला. व्यापाऱ्यांनी तारखा मोजल्या. बुधवारी सकाळी त्यांच्या दुकानाच्या भाडेकराराचे नूतनीकरण होते. जागामालक हट्टी. सही वेळेवर झाली नाही तर पंचवीस वर्षांची जागा हातची जाईल, हे भय त्यांना आत कुरतडत होते. ते म्हणाले, “ऊन तर पडले आहे. उद्या निघालो तर सोमवारी जॉर्ज टाउन गाठता येईल ना?”

अडचण अशी होती. वॉर्डरिक वेल्सपासून स्टॅनिअल केपर्यंतचे वीसेक सागरी मैल बेटांच्या आडोशाने, उथळ बाजूने जाता येतात. त्यापुढे काही अंतरावर आतला समुद्र इतका उथळ होतो की खोल कण्याच्या नौकेला दोन बेटांमधल्या वाटेने बाहेरच्या खोल समुद्रात जाणे भाग पडते. ओहोटीचे पाणी त्या वाटेने बाहेर धावत असते आणि समोरून ईशान्येचा वारा लाटा आत ढकलत असतो. दोन्हींची गाठ पडते तिथे उभ्या भिंतीसारख्या लाटा उठतात. स्थानिक लोक या स्थितीला ‘रेज’ म्हणतात.

यजमानाला हे सारे माहीत होते. तरी तो नकाशावर पट्टी ठेवून मैल मोजू लागला. भरतीच्या वेळी वाट ओलांडली तर? पहाटे चारला निघालो तर? पत्रात त्यानेच मंगळवार लिहिला होता. दिलेला शब्द मोडण्यापेक्षा धोका पत्करणे त्याला सोपे वाटू लागले होते. बंदरातील जुनी माणसे म्हणतात की नौकेवरील सर्वांत घातक वस्तू म्हणजे दिनदर्शिका. त्या दुपारी तिचा अंमल सुरू झाला होता.

यजमानीणबाईंनी वाद घातला नाही. रविवारी सकाळी त्यांनी सर्वांना छोट्या होडीतून बेटावर नेले. तेथे बू बू हिल नावाची एक बुटकी टेकडी आहे. तिच्या माथ्यावर येणारे-जाणारे नौकावासी समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या लाकडाच्या फळीवर आपल्या नौकेचे नाव कोरून ठेवतात. एकीकडे बँकेचे हिरवे पाणी वाऱ्याने सुरकुतले होते, पण शांत होते. दुसरीकडे एक्झुमा साउंड क्षितिजापर्यंत पांढरा झाला होता. लाटा खडकांवर आपटत होत्या आणि त्यांचे तुषार वर उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यावर येत होते.

व्यापारी बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी मित्राकडे वळून विचारले, “तू आम्हाला यातून नेणार होतास?”

“मी शब्द दिला होता,” यजमान म्हणाला.

“शब्द मी मागितला होता. तुला नाही म्हणता आले नाही आणि मला विचारता आले नाही. दोघांचाही हिशेब चुकला.”

उतरताना निर्णय झाला. सोमवारी बेटांच्या आडोशाने स्टॅनिअल केला जायचे. तेथे लहान धावपट्टी आहे आणि छोटी विमाने नासाऊला जातात. मंगळवारी तेथून नासाऊ आणि पुढे घर. जॉर्ज टाउनची तिकिटे बुडाली. घरी पोहोचायला बुधवारची रात्र होणार होती. स्टॅनिअल केहून व्यापाऱ्यांनी जागामालकाला दूरध्वनी केला. चार दिवस ज्या संभाषणाच्या भीतीने झोप उडाली होती, ते चार मिनिटांत संपले. जागामालक कुरकुरला आणि शुक्रवारची वेळ देऊन मोकळा झाला. बुडालेल्या तिकिटांचा निम्मा भार यजमानाने उचलण्याचा आग्रह धरला. व्यापाऱ्यांनी आढेवेढे न घेता तो मान्य केला; कारण मनात राहिलेली देणी मैत्रीला आतून पोखरतात, हे दुकानदाराला वेगळे सांगावे लागत नाही.

या प्रसंगात वादळाने कोणाचेही नुकसान केले नाही. ते आपल्या क्रमाने आले आणि गेले. नुकसान होणार होते ते न विचारलेल्या प्रश्नांनी आणि भिडेपोटी दिलेल्या शब्दाने. पाण्याचे माप पहिल्या दिवशी सांगितले असते तर पाहुणा रागावला नसता. तारीख बदलू शकते, असे पत्रातच लिहिले असते तर तिकीट वेगळे काढले गेले असते. व्यापारात जो माणूस मालाची मुदत कबूल करताना चार दिवसांची सवड राखतो, तोच घरच्या पाहुणचारात ती राखायला विसरतो.

आपल्या पूर्वजांना ही सवड परिचित होती. नवपद ओळीत श्रीपाळराजाची कथा ऐकताना भरूचच्या बंदरात अडकलेली धवल शेठची जहाजे सर्वांना आठवतात. माल भरलेला, खलाशी तयार, तरी जहाज हलत नाही, हा अनुभव व्यापारी समाजाने कथेतही जपला आणि व्यवहारातही. शिडांच्या काळात पावसाळ्याचे महिने पश्चिम किनाऱ्यावरची गलबते ओढून ठेवली जात. पायी विहार करणारे साधू-साध्वी चातुर्मासात आजही एका गावी थांबतात; तेथे जीवदयेचा विचार मुख्य आहे. पण ऋतूपुढे आपला कार्यक्रम बाजूला ठेवण्याची शिकवण त्यातूनही मिळते. थांबण्यात कमीपणा नाही, हे ज्या समाजाने दरवर्षी डोळ्यांनी पाहिले, त्याला परतीच्या तिकिटाची इतकी धास्ती वाटू नये.

पुढच्या हिवाळ्यात तेच व्यापारी दांपत्य पुन्हा त्या नौकेवर गेले. या वेळी यजमानाच्या पत्रात दोनच ओळी होत्या : पाणी रोज प्रत्येकी दहा लिटर, परतीचा दिवस वारा ठरवील. व्यापाऱ्यांनी दुकान दोन आठवड्यांऐवजी तीन आठवडे मुलीवर सोपविले आणि तारीख बदलता येईल असे तिकीट काढले. ते थोडे महाग पडले. नौकेवर चढताना ते पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अतिथी झाले होते.