नक्कल जिंकते, पण कुठल्या शर्यतीत?

तर झालं असं. ऑफिसातल्या एका मित्राला (नाव सांगितलं तर मारेल, म्हणून नुसतं 'मित्र') गेले सहा महिने जुन्या स्पोर्ट्स कारचं वेड लागलंय. अस्सल घ्यायची ऐपत नाही. म्हणून हुबेहूब नक्कल बांधायची, असं त्याच्या डोक्यात आहे. आणि महाडला आमच्या काकांच्या शेडमध्ये एक स्टँडर्ड हेराल्ड ताडपत्रीखाली उभी आहे, हे मी एकदा चहा पिताना त्याला बोलून गेलो. चूक माझीच!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हेराल्ड म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची भारतीय आवृत्ती. १९६१ पासून ती मद्रासला बनायची. इंजिन ९४८ सीसीचं, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या मोटारसायकलएवढं. पण तिची गंमत अशी की बॉडी वेगळी आणि चासी वेगळी. त्यामुळे इंग्लंडात हेराल्डची बॉडी उतरवायची आणि त्याच चासीवर दुसरी बांधायची, असा उद्योग जोरात चालायचा. 'जेन्ट्री' नावाचं एक किट तर ट्रायम्फच्या ह्याच घराण्यातल्या चासीवर चक्क १९५०च्या दशकातली एमजी टीएफ उभी करायचं.

मित्राचा प्लॅन तोच. हेराल्डची बॉडी काढायची, एमजीसारखी चढवायची आणि इंजिन मात्र आजकालचं १३०० सीसीचं टाकायचं.

"अस्सल टीएफला साठ मैलांचा वेग गाठायला अठरा-एकोणीस सेकंद लागायचे," ताम्हिणी उतरताना तो मला सांगत होता. "आपली दहा-बारात जाईल. म्हणजे आपली जास्त चांगली. सिंपल!"

आता हे 'सिंपल' मला झेपत नाही, म्हणून आजचा हा प्रपंच.

आधी मान्य करून टाकू. आकड्यांच्या शर्यतीत नक्कल जिंकते, आणि बहुतेक वेळा सहज जिंकते. सगळ्यात जास्त नकला झालेल्या गाड्यांपैकी एक म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमनने ती १९५७ साली आणली. 'द मोटर' ह्या मासिकाने १९५८ मध्ये तिची चाचणी घेतली, तीसुद्धा इंजिन थोडं सुधारलेल्या गाडीची. टॉप स्पीड ताशी १२९ किलोमीटर, आणि शून्य ते साठ मैल १६.२ सेकंदांत. आज आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधली कुठलीही स्विफ्ट हिला सरळ रस्त्यावर मागे टाकेल. हल्लीच्या इंजिनची सेव्हनची नक्कल तर विचारूच नका.

पण गंमत पुढेच आहे. ती अस्सल सेव्हन मुळात किट कारच होती! इंग्लंडात तयार गाडीवर जबर कर होता, सुट्या भागांवर नव्हता. 'द मोटर'ने तपासलेली गाडी करासकट ११५७ पौंडांची. तीच सुट्या भागांत घेतली तर इंजिन-गिअरबॉक्स धरून सव्वापाचशे पौंडांच्या आसपास. म्हणजे कित्येक 'अस्सल' सेव्हन कुणीतरी रविवारी घरच्या गॅरेजमध्ये पाना हातात घेऊन जोडल्या असणार. पुढे १९७३ मध्ये कॅटरहॅमने सेव्हनचे हक्क घेतले, आणि ते अजूनही ती बनवतात. २०१३ ला त्यांनी सुझुकीचं ६६० सीसीचं इंजिन बसवलेली सेव्हन आणली. वजन ४९० किलो, ८० अश्वशक्ती, साठ मैल सात सेकंदांच्या आत. आता ही अस्सल की नक्कल? सांगा बघू!

आणि इंग्लंडपर्यंत जायलाच नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ, चिंकारा मोटर्सने २०००च्या दशकात सेव्हनच्याच वळणाची रोडस्टर बनवली. फायबरग्लासची बॉडी आणि अँबॅसिडरमध्ये यायचं ते इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन. जे इंजिन अकराशे किलोंहून जड अँबॅसिडर ओढतं, ते त्याहून कितीतरी हलक्या दोन सीटच्या गाडीत टाकल्यावर काय होईल, ह्याला कॅलक्युलेटर लागत नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो. जे इंजिन, जे पार्ट आपल्या बाजारात मिळतात त्यांतून जमवायचं. चॅपमनने तरी वेगळं काय केलं? फोर्डचं साधं इंजिन उचललं!

मग माझा वाद कशाशी? 'साठ मैल किती सेकंदांत' ह्या मापाशी. आमच्या धंद्यात ह्याला चुकीचा बेंचमार्क म्हणतात. जो आकडा आपला चांगला येतो तोच मोजायचा आणि क्लायंटला दाखवायचा. :)

म्हणून त्या रविवारी मी मित्राला पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला नेलं आणि त्याच रस्त्याने परत आणलं. गाडी माझी, ड्रायव्हर तो, मोबाईलवर जीपीएस चालू. उतरताना त्याने जमेल तितकी दामटली. पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा आकडे बघितले. सर्वात जास्त वेग ५८. सरासरी २८. आणि पुढच्या चाकांमधून ब्रेकचा जळका वास!

टपरीवर बसून आम्ही हिशोब केला. महाबळेश्वर ते पोलादपूर म्हणजे साधारण सव्वा किलोमीटर उंची उतरायची. एक टनाची गाडी धरली तर सव्वा कोटी ज्यूलच्या घरात ऊर्जा. तीच गाडी ताशी शंभरच्या वेगातून एकदा थांबवायला लागते चार लाखांहून थोडी कमी. म्हणजे हा घाट उतरणं हे शंभरच्या वेगातून तीस वेळा थांबण्यासारखं. ह्यातलं बरंचसं खालचा गिअर खातो, थोडं हवा आणि टायर. उरलेलं सगळं ब्रेकच्या अंगावर. वेगाचं ज्ञान देणारा आमचा ड्रायव्हर जरा गप्प झाला.

ह्याच घाटात २०१८च्या जुलैमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली होती. इथल्या लोकांना घाट म्हणजे कौतुकाची जागा वाटत नाही.

आता हेराल्डकडे बघा. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. मागे एक आडवा पाटा आणि स्विंग ॲक्सल. वळणावर जोरात असताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की बाहेरचं मागचं चाक आत दुमडायला बघतं आणि गाडीचं बूड निघून जातं. हे ९४८ सीसीच्या जेमतेम ताकदीत चालून गेलं. त्यावर दुप्पट ताकदीचं इंजिन ठेवलं की साठ मैल दहा सेकंदांत येतील, नक्की येतील. पुढच्या वळणाचं काय? जुन्या पॉवर सप्लायवर नवा प्रोसेसर बसवण्यातलाच हा प्रकार. बेंचमार्क चालतो आणि दुसऱ्या दिवशी धूर निघतो. फरक एवढाच की इथे रीस्टार्टचं बटण नाही.

माझं म्हणणं एवढंच. नक्कल करणाऱ्याने दिसतं ते कॉपी करायचं आणि न दिसणारं सोडून द्यायचं, इथे घोळ होतो. गोल दिवे, तारांची चाकं, क्रोमचं बंपर हे कुणीही आणेल. सेव्हनमधली खरी नक्कल करण्याजोगी गोष्ट म्हणजे तिचं वजन. पाचशे किलोची गाडी घाट उतरताना टनाच्या गाडीच्या निम्मीच उष्णता ब्रेकवर टाकते. वळते लवकर, थांबते लवकर. चॅपमनने प्रत्येक किलोवर डोकं चालवलं होतं. नक्कल करणाऱ्याने चासी, ब्रेक, सस्पेन्शन ह्यांवर तेवढंच डोकं चालवलं असेल तर ती गाडी अस्सलच्या पंक्तीला बसते, मग बिल्ला कुठलाही असो. नाहीतर ती लग्नाच्या वरातीत येते ती 'व्हिंटेज'.

कायद्याचं त्रांगडं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात आहे त्याहून वेगळी गाडी करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं. म्हणजे हेराल्डची एमजी झाली तरी रस्त्यावर आणायची वाट जवळपास बंद. दुसरीकडे २०२१च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला वेगळा 'व्हीए' नंबर मिळतो. पण ती रोजच्या वापराला काढायची नाही. नक्कल रस्त्यावर चालत नाही आणि अस्सल चालवायची नाही. घ्या!

संध्याकाळी महाडला काकांपुढे विषय निघालाच. काका एसटीत मेकॅनिक होते, हेराल्ड त्यांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी घेतली. २२ जुलै २०२१ च्या पुरात शेडमध्ये पुरुषभर पाणी होतं. पाणी ओसरलं तेव्हा गाडीत खिडकीपर्यंत चिखल, इंजिन जाम. ते त्यांनी अजून पुरतं सोडवलेलं नाही.

मित्राने भीत भीत विचारलं, "काका, चासी द्याल का?"

"अरे, हिच्यात अस्सल काय राहिलंय?" काका म्हणाले. "कार्ब्युरेटर फियाटचा, सीटा महाडच्याच एका कारागिराच्या, वायरिंग मी केलेलं. तुला गाडी बांधायची तर बांध की. पण नव्या लोखंडापासून बांध, आणि आधी थांबायचं बघ. घाट चढायला इंजिन लागतं. उतरायला काय लागतं ते आज बघितलंस ना? हिला मात्र कापू नकोस. हिच्यावर तुझ्या काकूला मुंबईला नेलीय, दोन्ही पोरं हॉस्पिटलातून घरी आणलीत."

माझं मतही तेच. नक्कल बांधा, जरूर बांधा, मी पाने धरायला येतो. पण तिच्यासाठी अस्सल मारू नका. नवी चासी कुणीही वेल्ड करेल, पंचेचाळीस वर्षांची हेराल्ड कुणी करू शकत नाही. आणि साठ वर्षांच्या म्हाताऱ्या गाडीला पिकअपमध्ये हरवलं म्हणून कॉलर ताठ करू नका. तिची शर्यत तिच्या काळाशी होती. तुमच्या नकलेची शर्यत आजच्या गाड्यांशी आहे, आणि ती घाट उतरताना मोजायची.

असो. मित्राने एमजीचे फोटो मोबाईलमधून अजून डिलीट केलेले नाहीत. पण पुढच्या शनिवारी तो माझ्याबरोबर पुन्हा महाडला येतोय. काकांनी त्याला पुण्याहून आणायच्या सामानाची यादी दिलीय. पहिल्या ओळीत ब्रेक लायनर आहेत.