धर्मगुरूंचे शब्द आणि वृत्तपत्रांचे माप

निवडणुकीच्या धामधुमीत राजकीय पुढाऱ्याचे भाषण आणि धर्मगुरूचे वचन ही दोन्ही एकाच शाईने, एकाच कागदावर छापली जातात. परंतु वाचकाच्या मनावर त्यांचे वजन सारखे पडत नाही. पुढाऱ्याचे बोलणे वाचक पारखून घेतो, कारण हा गृहस्थ मते मागावयास आला आहे हे त्यास ठाऊक असते. धर्मगुरूचे शब्द मात्र तो नम्र होऊन ऐकतो. आणि तो धर्मगुरू परक्या धर्माचा असला, तर तेच शब्द तो धसक्याने ऐकतो. श्रद्धा काय किंवा भीती काय, दोन्ही विवेकास झाकोळून टाकणाऱ्या भावना आहेत. म्हणूनच प्रचाराच्या काळात धर्मगुरूचे वाक्य छापताना वृत्तपत्राने विशेष सावधगिरी बाळगली पाहिजे आणि सर्व धर्मांच्या गुरूंस एकच माप लावले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न पनवेलकरांस दूरचा वाटू नये. ज्या गावात विरूपाक्षाचे मंदिर, कोकणी मुसलमानांच्या मशिदी आणि १८४९ साली उभे राहिलेले बेने इस्रायलींचे बेथ एल प्रार्थनामंदिर पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत आली, ज्या गावाची नगरपालिका १८५२ सालची, त्या गावास एकत्र राहण्याची विद्या नव्याने शिकविण्याची गरज नाही. परंतु जुने पनवेल आज एका विस्तीर्ण शहराचा केवळ एक भाग होऊन राहिले आहे. २०१६ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल येथील उंच इमारतींत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे राहू लागली. येथे शेजाऱ्याची ओळख जिन्यावर होण्यापूर्वीच वर्तमानपत्रातून, नाहीतर हातातील फोनवरून होते. अशा शहरात परधर्मीयांचा गुरू काय बोलला हे वृत्तपत्र जसे सांगेल, तसाच तो शेजारी वाचकास दिसू लागतो. २०१७ मध्ये महानगरपालिकेची पहिली निवडणूक झाली, जानेवारी २०२६ मध्ये दुसरी. निवडणुका येतात आणि जातात. मागे उरतो तो शेजार.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचेच उदाहरण घेऊ. मतदान २० नोव्हेंबरास होते. त्याच्या काही दिवस आधी मौलाना सज्जाद नोमानी यांनी महाविकास आघाडीच्या उमेदवारांना पाठिंबा जाहीर केला. त्याच सुमारास त्यांची एक चित्रफीत सर्वत्र फिरली. लोकसभेच्या वेळी भारतीय जनता पक्षाला साथ देणाऱ्या मुसलमानांवर सामाजिक बहिष्कार घालण्याची भाषा तीत होती. ही भाषा निंद्य होती, यात शंका नाही. मतदाराच्या स्वातंत्र्यावर जातपंचायतीची काठी उगारण्याचाच तो प्रकार होता. ‘व्होट जिहाद’ हा शब्द भाजपच्या नेत्यांनी लोकसभेच्या धुळे मतदारसंघातील ३,८३१ मतांच्या पराभवानंतर प्रचारात आणला होताच. त्यास या चित्रफितीने नवे इंधन पुरविले, आणि देवेंद्र फडणवीस यांनी ‘मतांच्या धर्मयुद्धा’ची हाक दिली. निकाल लागल्यानंतर नोमानी यांनी त्या उद्गारांबद्दल माफी मागितली, ते मागे घेतले आणि सप्टेंबरात एका विशिष्ट संदर्भात आपण तसे बोललो होतो, असा खुलासा केला. तो खुलासा मानावा की न मानावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु ते उद्गार केव्हाचे आणि कोणासमोरचे, ही माहिती मतदानापूर्वी वाचकाच्या हाती पडावयास हवी होती. बहिष्काराची हाक ज्या आकाराच्या अक्षरांत छापली गेली, त्याच आकाराच्या अक्षरांत माफी छापली गेली काय? ज्याने त्याने आपले वर्तमानपत्र काढून पाहावे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. त्याच प्रचारात योगी आदित्यनाथ यांनी ६ नोव्हेंबरास वाशीम येथे ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा दिली. महायुतीतीलच अजित पवार यांनी ती महाराष्ट्रास मानवणारी नाही असे उघड सांगितले. आदित्यनाथ हे उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री आहेत, तसेच गोरखनाथ मठाचे महंतही आहेत. त्यांच्या घोषणेची बातमी बहुधा मुख्यमंत्र्याची म्हणून छापली जाते, आणि नोमानी यांची मौलानांची म्हणून. एकाचे वाक्य पक्षाच्या खात्यावर पडते; दुसऱ्याचे वाक्य साऱ्या धर्माच्या खात्यावर! माल पारड्यात पडण्यापूर्वीच तराजू कलता झाला, तर वजनाच्या खरेपणाची ग्वाही कोणी द्यावी?

हा दोष एकाच छावणीच्या वृत्तपत्रांत आहे असे मात्र कोणी समजू नये. १५ जुलै २०२४ रोजी स्वामी अविमुक्तेश्वरानंद यांनी ‘मातोश्री’वर जाऊन उद्धव ठाकरे यांच्याशी विश्वासघात झाल्याचे सांगितले. तेव्हा विधानसभेची चाहूल लागलेली होती. ठाकरे यांच्या बाजूच्या लोकांनी ते शब्द ‘शंकराचार्यांचा कौल’ म्हणून डोक्यावर घेतले. ज्योतिष पीठावरील त्यांच्या हक्काचा वाद न्यायालयात गेलेला होता आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या पट्टाभिषेकास स्थगिती दिली होती, एवढे एक वाक्य त्या बातमीच्या शेजारी असते तर कोणाचा अवमान झाला नसता. वाचकास मात्र त्या शब्दांचे वजन नीट कळले असते.

शब्दांच्या अचूकपणाचे महत्त्व किती, हे महाराष्ट्रातीलच दोन खटल्यांनी दाखवून दिले आहे. ११ डिसेंबर १९९५ या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत बाळासाहेब ठाकरे यांनी हिंदू धर्माच्या नावाने मते मागितली, म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली ती कायम राहिली. उलट महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल या मनोहर जोशी यांच्या वाक्यात केवळ आशा व्यक्त झाली आहे, ते धर्माच्या नावाने मतांचे आवाहन ठरत नाही, असे म्हणून न्यायालयाने त्यांची निवड ग्राह्य धरली. पुढे २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (३) चा अर्थ व्यापक केला. उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्याही धर्माच्या नावाने मते मागणे हा भ्रष्टाचार ठरला. हा वादही सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघाला होता. आशा आणि आवाहन यांत कायदा भेद करतो; मग ‘अमुक महाराजांचा आदेश’ असा मथळा देण्यापूर्वी तो आदेश होता, मत होते, की प्रश्नास दिलेले उत्तर होते, हे पाहण्याचे कष्ट संपादकाने का घेऊ नयेत? वृत्तपत्रातील बातमी म्हणजे ऐकीव पुरावा, असे न्यायालय मानते. मतदाराच्या न्यायालयात मात्र उलटतपासणी नसते. तेथे मथळा हाच पुरावा आणि मथळा हाच निकाल!

यावर काही जण म्हणतात की, असे उद्गार छापूच नयेत. हे आम्हांस मान्य नाही. एखादा महंत वा मौलवी मते मागत असेल, तर ते जाणून घेण्याचा नागरिकास अधिकार आहे. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या १९९६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही निवडणुकीचे वस्तुनिष्ठ वृत्त देणे हे वृत्तपत्रांचे कर्तव्य मानले आहे, आणि त्याबरोबरच धर्माच्या आधारे वैर वाढविणारे लिखाण टाळावयास सांगितले आहे. दुसरे म्हणतात, ‘ते बोलले, आम्ही छापले, आमचा दोष काय?’ परंतु तासाभराच्या प्रवचनातून एक वाक्य निवडणारा हात संपादकाचाच असतो. निवड केली की जबाबदारी आली.

आणखी एक अन्याय याहून सूक्ष्म आहे, व तो अनुयायांवर होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी आमच्याच खारघरच्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांस महाराष्ट्रभूषण पुरस्कार दिला गेला. रणरणत्या उन्हाने १४ जणांचे बळी घेतले. ते लोक मतदानास आले नव्हते, श्रद्धेने आले होते. तरीही त्या जनसमुदायाची मोजदाद मतांच्या गठ्ठ्यांत करण्याचा मोह राजकीय निरीक्षकांना आवरला नाही. मालेगावचा मतदार मौलानांच्या मुठीत आणि खारघरचा श्रीसदस्य व्यासपीठावरील पाहुण्यांच्या खिशात, हे गृहीत धरणे म्हणजे दोघांच्याही बुद्धीचा सारखाच अपमान होय. गुरूच्या मागे किती लोक बसतात हे वार्ताहरास मोजता येते. मतपेटीपाशी ते काय करतील, हे गुरूसही सांगता येत नाही.

म्हणून आमची अपेक्षा साधी आहे. कोण बोलले आणि कोणत्या नात्याने बोलले, व्यक्ती बोलली की संस्था, केव्हा व कोणासमोर बोलले, हे बातमीतच सांगावे. वाक्य पूर्ण द्यावे. विरोधी पक्षाने पुरविलेली चित्रफीत त्या पक्षाचे नाव घेऊनच छापावी. खुलाशास आरोपाइतकीच जागा द्यावी. आणि आपल्या धर्माच्या गुरूस जी सवलत द्याल, ती परक्याच्या गुरूस द्यावी. परक्यास जो जाब विचाराल, तो आपल्यासही विचारावा. येत्या निवडणुकांत पनवेलच्या वाचकांनी आपल्या वृत्तपत्रांकडून हा हिशेब मागावा. आमच्याकडूनही मागावा.