अभिमानाला प्रयोगाची जोड हवी

विरार पूर्वेला जीवदानीच्या डोंगरालगत वसलेल्या फुलपाड्यात एखादी गृहिणी भाजीवाल्याला मोबाईलवरून पैसे देते, तेव्हा ती नकळत एका सांकेतिक कुलपावर विश्वास टाकत असते. हे कूलूप अवघड गणितावर उभे आहे. उद्याचा समर्थ क्वांटम संगणक त्यातील बरीचशी कुलपे उघडू शकेल. म्हणूनच जगातील प्रगत राष्ट्रे आता प्रकाशकणांच्या, म्हणजेच फोटॉनांच्या, कुलपाकडे वळली आहेत.

या कुलपाचे मूळ एका तात्त्विक वादात आहे. एकत्र जन्मलेले दोन फोटॉन दूर नेऊन मोजले, तरी त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतात. ही उत्तरे जन्मतःच ठरलेली असली पाहिजेत, असा आइनस्टाइन यांच्या १९३५ सालच्या युक्तिवादाचा रोख होता. १९६४ साली जॉन बेल यांनी दाखवून दिले की, तसे असेल तर या जुळणीला एक मर्यादा पडेल आणि ती मोजता येईल. १९७२ साली क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी, तर १९८२ साली आस्पे यांनी प्रयोग केले. मर्यादा ओलांडली गेली. उरलेल्या प्रमुख पळवाटा २०१५ साली बुजल्या आणि २०२२ साली क्लाउझर, आस्पे व झायलिंगर यांना नोबेल मिळाले. या जोडीवर चोरून नजर टाकणाऱ्याने जुळणी बिघडते आणि चोर उघडा पडतो. तेच नव्या कुलपाचे बळ.

असे काही जाहीर झाले की ‘हे आमच्या उपनिषदांत होतेच’ असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे. अद्वैत हे आत्मदर्शन आहे. त्याला कोणत्याही प्रयोगशाळेच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. आपल्या परंपरेचा खरा वारसा वेगळाच आहे. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा, प्रमाणावर तो तपासावा आणि मगच सिद्धान्त स्वीकारावा, ही ती शिस्त. बेल यांच्यापासून झायलिंगर यांच्यापर्यंत सर्वांनी नेमके हेच केले. १९२४ साली ढाक्यात बसून प्रकाशकणांच्या गणनेची नवी रीत जगाला देणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनीही पूर्वजांच्या नावावर विसंबून ते साधले नव्हते.

चीनने २०१७ साली उपग्रहाद्वारे अशा फोटॉनजोड्या सुमारे १२०० किलोमीटर अंतरावरील दोन स्थानकांवर पोहोचवल्या. भारतात डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी २०२५ साली मोकळ्या हवेतून एक किलोमीटरहून अधिक अंतरावर असा सुरक्षित संपर्क साधला. यश अभिमानास्पद आहे. अंतरही डोळ्यांआड करण्यासारखे नाही. केंद्र सरकारने २०२३ साली ६,००३ कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले आणि त्याच्या चार केंद्रांपैकी एक पवईच्या आयआयटीत आले.

मात्र केवळ निधीने वैज्ञानिक घडत नाहीत. ते घरात आणि शाळेत घडतात. मुलाच्या ‘कशावरून?’ या प्रश्नाला उद्धटपणा न मानणारे घर हीच राष्ट्राची पहिली प्रयोगशाळा होय. फुलपाड्याहून पवई फार दूर नाही. ती वाट मुलांसाठी मोकळी ठेवणे हे आजचे राष्ट्रकार्य आहे.