रंगाची पत

दिवाळीचा हंगाम जवळ आला, की अनेक व्यापारी घरांत एक जुनाच वाद नव्याने सुरू होतो. शिकून आलेली पिढी म्हणते, आपल्या मालाच्या पाकिटाचा रंग आता जुनाट दिसतो, तो बदलला पाहिजे. वडीलधारी मंडळी म्हणतात, गिऱ्हाईक त्या रंगावरूनच माल मागते, त्याला हात लावू नका. मग एखाद्या जाहिरात संस्थेचा तक्ता पुढे येतो. लाल रंग भूक चाळवतो, निळा विश्वास निर्माण करतो, हिरवा निसर्गाची आठवण देतो, असे त्यात लिहिलेले असते. अशा तक्त्यावर विसंबून पेढीची ओळख बदलावी का, याचा शांतपणे विचार करावयास हवा.

रंगाचा मनावर परिणाम होतो, यात शंका नाही. परंतु त्याचा अर्थ सर्वत्र एकच नसतो. पाश्चात्त्य देशांत वधू पांढरा पोशाख घालते. आपल्याकडे अनेक समाजांत तोच रंग शोकप्रसंगी नेसतात. महाराष्ट्रात वधूच्या हातात हिरवा चुडा भरतात, म्हणून हिरव्या रंगाला सौभाग्याचा अर्थ आला. अर्थ रंगाच्या अंगी जन्मतः असतो त्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने अधिक येतो.

दुकानातील मांडणीवर रंगाला दोन कामे करावी लागतात. पहिले, माल कोणता हे सांगणे. दुसरे, तो कोणाचा हे सांगणे. हळदीचे पाकीट पिवळे आणि मिरचीपुडीचे लाल असले, की पहिले काम होते. पण शेजारची दहाही पाकिटे पिवळीच असतील, तर त्या पिवळ्यातून आपले नाव उमटत नाही. तक्ते बहुधा पहिल्या कामाचाच विचार करतात. पेढीची कमाई मात्र दुसऱ्या कामावर अवलंबून असते आणि त्यासाठी काळ जावा लागतो.

हे न्यायालयांनीही ओळखले आहे. कोलगेटच्या दंतमंजनाचा डबा अनेक दशके लाल आणि पांढऱ्या रंगांत विकला जात होता. अँकरने आपल्या दंतमंजनासाठी तशीच रंगसंगती वापरली, तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. नावे वेगळी असली, तरी रंगांच्या ठेवणीमुळे ग्राहकाची फसगत होऊ शकते, हे मान्य करून न्यायालयाने 2003 मध्ये कोलगेटच्या बाजूने मनाईहुकूम दिला.

याच्या उलट उदाहरण बिस्किटांचे आहे. आयटीसीने 2016 च्या प्रारंभी पिवळ्या-निळ्या वेष्टनातील डायजेस्टिव्ह बिस्किटे बाजारात आणली. काही महिन्यांतच ब्रिटानियाचीही पिवळ्या-निळ्या वेष्टनातील बिस्किटे आली. एकल न्यायाधीशांनी प्रथम आयटीसीच्या बाजूने आदेश दिला. परंतु मार्च 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द केला. इतक्या अल्प काळात ही रंगसंगती केवळ आयटीसीचीच, अशी लोकांच्या मनात ओळख रुजली असे मानता येणार नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. दोन्ही निकाल एकत्र वाचले, की एक गोष्ट स्पष्ट होते. रंगालाही पेढीसारखी पत असते; ती एकाच मालाने, एकाच गुणवत्तेने, वर्षानुवर्षे टिकून मिळवावी लागते.

मिळवलेली पत नेमकेपणाने जपावीही लागते. कॅडबरीचा जांभळा रंग जगभर परिचित आहे. ब्रिटनमध्ये त्या रंगाच्या नोंदणीसाठी कंपनीने 2004 मध्ये अर्ज केला आणि नेस्लेने त्यास विरोध केला. 2013 मध्ये तेथील अपील न्यायालयाने कॅडबरीच्या विरुद्ध निर्णय दिला, कारण अर्जातील शब्दरचना पुरेशी नेमकी नव्हती. एवढ्या मोठ्या उद्योगाला जे भोवले, त्यातून लहान पेढीने बोध घ्यावा. आपल्या 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यातही रंगांच्या संयोगाला चिन्ह म्हणून स्थान आहे. छपाईच्या प्रत्येक खेपेस आपला लाल थोडा थोडा विटकरी होत गेला, तर ग्राहकाच्या मनातील खूणही पुसट होते. म्हणून रंगाचा निश्चित क्रमांक लिहून ठेवावा आणि छापखान्याकडून दरवेळी नमुना मागवून जुन्याशी ताडून पाहावा.

रंग म्हणजे वचन, याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर हिरवे आणि तपकिरी चिन्ह सक्तीचे आहे. चौकटीतील तो हिरवा ठिपका पाहून आपण निर्धास्तपणे वस्तू उचलतो. परंतु त्याचे वचन मर्यादित आहे. त्या पदार्थात कांदा, लसूण, बटाटा असू शकतो. मधाचीही गणना नियमानुसार मांसाहारी पदार्थांत होत नाही. म्हणून जैन गृहिणीला ठिपक्यानंतर घटकांची यादी वाचावीच लागते. जैन ग्राहकांसाठी माल बनवणाऱ्याने केवळ हिरवे वेष्टन वापरून थांबू नये. 'कांदा, लसूण व कंदमुळे नाहीत' हे स्वच्छ अक्षरांत छापावे आणि ते अक्षरशः खरे ठेवावे.

या चिन्हाने आणखी एक धडा दिला आहे. ज्यांना हिरवा आणि तपकिरी यांतील भेद कळत नाही, अशा लोकांना दोन्ही ठिपके सारखेच दिसत. म्हणून 2020 च्या नियमांनी मांसाहाराच्या चिन्हातील वर्तुळाच्या जागी त्रिकोण आणला. यावरून आपणही शिकावे, की सारा भार रंगावर टाकू नये; आकार आणि अक्षर यांनीही ओळख पटली पाहिजे.

मग घरातील त्या वादाचे काय? रंग बदलण्यापूर्वी जुने पाकीट शेजारच्या मालासह मांडणीवर ठेवून तीन-चार पावलांवरून पाहावे. गिऱ्हाईक माल नावाने मागते की रंगाने, हे काउंटरवरील माणसाला काही दिवस टिपून ठेवण्यास सांगावे. रंगाने मागत असेल, तर मुख्य रंग कायम राखून अक्षरे, मांडणी व छपाई सुधारावी. त्यात नव्या पिढीच्या दृष्टीला भरपूर वाव आहे. नावानेच मागत असेल, तर रंग निर्भयपणे बदलावा; पण एकदा ठरलेला रंग पुन्हा पुन्हा बदलू नये.

उधारी पतीवर मिळते आणि पत शब्द पाळल्याने राहते, हे आपल्या घरांतील मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. पाकिटाचा रंग हाही ग्राहकाला दिलेला शब्दच आहे. आतला माल त्या शब्दाला जागला, तर साधा रंगही पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो.